मंडईच्या आत छप्पर

तक्ता बरोबर होता, हे मी आधीच सांगून ठेवतो. पुढे जे झालं ते ऐकल्यावर लोक पहिली शंका तक्त्यावरच घेतात. आमची चंद्रकला तर तक्त्याचं नाव निघालं की पदर तोंडाला लावते. पण नोव्हेंबरच्या तीन तारखेला कवेलू, म्हणजे कौलं, उतरवायचे, मग जुनं लाकूड काढायचं, मग भिंती वरून सारख्या करायच्या, आठपासून छपराच्या आधाराला लोखंडी पाइपाच्या कैच्या बसवायच्या, अकरा-बाराला टिनपत्रे ठोकायचे, तेराला झाडझूड आणि चौदाला कोंढ्याची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, यात चुकीचं काय आहे ते मला अजून कोणी दाखवून दिलेलं नाही. मधला रविवार मी लाल रंगात दाखवला होता. गुरुनानक जयंतीची सुट्टीसुद्धा लाल होती. प्रत्येक कामाला वेगळा रंग होता आणि चहाचे डाग पडू नयेत म्हणून तक्त्याला दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन केलेलं होतं.

"छप्पर घराले घालाचं हाय का कागदाले?" लॅमिनेशन पाहून चंद्रकलेनं विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही. सरकारी बांधकाम खात्यात तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला कोणत्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही हे कळतं.

जूनमध्ये मी निवृत्त झालो आणि भंडाऱ्याच्या आमच्या घरावर 'छप्पर नियोजन सल्लागार' अशी पाटी लावली. चार महिने त्या पाटीखाली फक्त शेजाऱ्यांचं मांजर बसलं. ऑक्टोबरात पहिला क्लायंट आला. कोंढ्याचे यादोराव. आता हे यादोराव चंद्रकलेचे सख्खे मोठे भाऊ लागतात, ही गोष्ट मी फाइलीत लिहिलेली नाही.

"क्लायंट कायले म्हणता जी? भाऊ हाय माझा," ती म्हणाली.

"घरात भाऊ. फाइलीत क्लायंट."

"मंग फाइलीतच जेवा आज."

पण विषय थट्टेचा नव्हता. यादोरावांची तृप्ती नर्सिंग शिकून अड्याळच्या एका दवाखान्यात लागली आहे. ऑगस्टमध्ये तिला पाहायला पाहुणे आले, पाऊस सुरू झाला, आणि मुलाच्या आत्याच्या पोह्यांत छपरातून थेंब पडला. एक नाही, तीन. वांदरांनी कवेलू सरकवले होते. पाहुणे चहा घेऊन गेले, आणि आठवड्यानं निरोप आला की मुलाला सध्या लग्न करायचं नाही. त्या मुलानं दसऱ्याला लग्न केलं. निरोप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून आल्यावर तृप्ती काठी घेऊन एकेक कवेलू खालून ढोसून सरळ करत बसली होती, असं तिच्या आईनं, तुळसावहिनीनं, चंद्रकलेला फोनवर सांगितलं.

आता तुमसरचं स्थळ होतं. मुलगा कुलदीप, विजेच्या मोटारी दुरुस्त करतो. वडील केवळराम राइस मिलमध्ये मशीन सांभाळतात. कुलदीप आणि तृप्तीचं फोनवर दोन-चारदा बोलणं झालं होतं, आणि या वेळी पोरगी आपली पसंती लपवत नव्हती. मंडईला पाहुणे येणार, घर पाहणार, जेवणार आणि तिथंच हो किंवा नाही सांगणार. आमच्याकडे निम्म्या सोयरिकी मंडईतच जुळतात. मध्यस्थानं एकच इशारा दिला होता. मुलाची आई, सुमनबाई, मानापानाची फार. त्यांच्या मोठ्या मुलाला त्याच्या सासुरवाडीत कोणीतरी हौदातून बादलीभर पाणी आणायला सांगितलं, तेव्हापासून त्या घराशी त्यांचं जाणंयेणं बंद आहे. "जवाईले जवाईसारखं ठेवणारं घर पायजे," एवढंच त्यांचं मागणं होतं.

या बाबतीत कोंढ्याला घाबरण्याचं कारण नव्हतं. मी एकोणतीस वर्षं कोंढ्याचा जावई आहे, त्यामुळे मी जाणकार म्हणून बोलतो. एकोणतीस वर्षांत मी त्या गावात पाण्याचा तांब्या स्वतः उचललेला नाही. मी बसलो की खुर्ची येते, उभा राहिलो की अजून चांगली खुर्ची येते. आणि मी काही बोललो की सगळे "हो जी जवाईबापू" म्हणतात. एकदा मी बोलण्याच्या भरात गोसे धरणाचं पाणी उलट्या बाजूला जातं असं म्हणून गेलो. तेव्हाही सगळे हो म्हणाले.

तर मी तक्ता घेऊन कोंढ्याला गेलो. यादोरावांच्या अंगणात सगळ्यांना बसवलं आणि पट्टीनं एकेक रंग समजावून सांगितला. अड्याळचे कृष्णराव मिस्त्री तक्त्याकडे फार वेळ पाहत राहिले. मग त्यांनी कान खाजवला.

"रंग मस्त हायत," ते म्हणाले.

राजकुमार वेल्डर चिचाळचा. त्यानं निळ्या रंगावर बोट ठेवलं. "पन जवाईबापू, हे दहा तारखेले..." यादोरावांनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. "...दहा तारीख चांगली हाय," राजकुमारनं वाक्य पूर्ण केलं.

शेजारच्या चंद्रभागाबाईंना खूप काही सांगायचं होतं, पण जावयाला सल्ला द्यायची रीत नाही. म्हणून त्या माझ्या समोर बसून, माझ्याकडे पाहत, चंद्रकलेला सांगत होत्या. "चंद्रकला, त्याइले सांग, टिनाखाली उन्हाळ्यात भाकर चुलीबिगर भाजते. त्याइले सांग, वांदरं टिनावर कुदतेत त नाटकातला तबला वाजल्यावानी वाटते. आन त्याइले इचार, कवेलू फेरले असते त नसतं का भागलं?" मी चंद्रकलेला म्हणालो की त्यांना सांग, तंत्रज्ञान पुढे गेलं आहे. चंद्रकला म्हणाली, "मी काय टपाल हाओ का?"

पहिली अडचण विजेची आली. खांबावरची तार यादोरावांच्या छपरातल्या लाकडी बल्लीला बांधलेली होती. बल्ली काढायची तर आधी तार हलवायची, आणि तार हलवायची तर अर्ज. मी स्वतः अर्ज घेऊन विजेच्या ऑफिसात गेलो. आपण खात्यातला माणूस, चहा मिळेल अशी कल्पना होती. टेबलावरच्या बाईंनी अर्ज वाचला आणि म्हणाल्या, मीटर ज्यांच्या नावावर आहे त्यांची सही पाहिजे. मीटर यादोरावांच्या वडिलांच्या नावावर होतं, आणि ते जाऊन अकरा वर्षं झाली होती. मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग आधी नाव बदला, त्याला त्यांच्या मृत्यूचा दाखला, घरटॅक्सची पावती आणि वारसांची संमती. त्या बरोबरच होत्या. तेहतीस वर्षं मीही लोकांना हेच सांगत आलो होतो, आणि समोरच्याचा चेहरा तेव्हा असाच होत असणार, हे मला त्या दिवशी प्रथम कळलं. शेवटी लाइनमननंच मार्ग काढला. तार काढायची नाही, भिंतीत एक लोखंडी पाइप ठोकून तीच तार त्यावर टेकवायची, आणि दोन तास वीज बंद. अर्ज अजून माझ्याजवळ आहे.

तीन तारीख मात्र सोन्याची गेली. सकाळी सातला अख्खी गल्ली आली. आमच्याकडे कवेलू फेरायला, म्हणजे काढून नव्यानं बसवायला, कोणी बोलावण्याची वाट पाहत नाही. निम्मे लोक वर, निम्मे खाली रांगेत, आणि हातोहात कवेलू उतरून अंगणात थप्प्या लागल्या. दुपारच्या जेवणाआधी घर उघडं झालं. मी खुर्चीवर बसून तक्त्यातला पहिला रंग पेनानं कापला आणि चंद्रकलेकडे पाहिलं. तीही खूश होती. संध्याकाळपर्यंत छपराचं लाकूड, म्हणजे जुने फाटे आणि मयालसुद्धा, खाली आले. दोन दिवस पुढे! घरात उभं राहून मान वर केली की निळं आभाळ दिसत होतं आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

सहाला भिंती सारख्या करायचं काम सुरू झालं, सातला कृष्णराव आले नाहीत. आठला आले आणि म्हणाले, बायकोच्या माहेरी मंडई होती. ठीक आहे, म्हटलं, माणूस आहे. त्या दिवशी राजकुमार आला नाही. त्याच्या बहिणीच्या गावची मंडई. पुढच्या दिवशी दोघंही आले, पण टिनाच्या गाडीचा ड्रायव्हर आला नाही. दहाला चिचाळची मंडई निघाली, म्हणजे राजकुमार स्वतःच्या घरी. राजकुमारचं बोट ज्या खान्यावर होतं तो मी पुन्हा पाहिला. तिथं माझ्या सुरेख अक्षरात 'कैच्या, पुढील भाग' असं लिहिलेलं होतं.

दिवाळीनंतर आपल्या भागात प्रत्येक गावाची मंडई वेगवेगळ्या दिवशी भरते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी इथंच जन्मलो, इथंच वाढलो, मंडईत जिलेबी खाऊन लहानाचा मोठा झालो. मी तक्त्यात कोंढ्याची मंडई दाखवली होतीच की! पण मिस्त्रीलाही गाव असतं, वेल्डरलाही बहीण असते आणि ड्रायव्हरलाही सासुरवाडी असते, हे तक्ता काढताना डोक्यात आलं नाही. खात्यात या दिवसांत कामं बंद असायची आणि आम्ही कारण 'अपरिहार्य' असं लिहायचो. अपरिहार्य म्हणजे काय ते मी कधी विचारलंच नव्हतं.

त्यात माझा एक शास्त्रीय आग्रह नडला. काम मागून पुढे न्यायचं, म्हणजे झालेल्या भागावर पाय पडत नाही. त्यामुळे बारा तारखेला परिस्थिती अशी होती की गोठ्यावर झकास टिन, स्वयंपाकघरावर झकास टिन, आणि पाहुणे जिथं बसायचे त्या पुढच्या खोलीवर आकाश. बैल एकदम कोरडे राहणार होते. आणि त्या दिवशी दुपारी पवनीच्या बाजूनं ढग वर आले.

तृप्ती ड्युटीवरून आली, सायकल टेकवली आणि उघड्या खोलीत उभी राहून वर पाहत राहिली. मी खुर्चीवर होतो. ती म्हणाली, "फुफाजी, होते ना जी परवापर्यंत?" मी म्हणालो, होईल. मग मी खुर्चीवरून उठलो आणि अड्याळला कृष्णरावांना आणायला निघालो. कारण अड्याळची मंडई त्याच दिवशी होती.

आता जो प्रसंग सांगतो तो मी घरी वेगळा सांगितला आहे. कृष्णरावांच्या दारात मी रागानंच गेलो. "चला मिस्त्री," म्हणालो. त्यांनी "कोंढ्याचे जवाई आले!" अशी आरोळी ठोकली. खुर्ची आली. पाणी आलं. मी म्हणालो बसायला वेळ नाही, तोवर ताट आलं. मंडईचं ताट परत पाठवणं म्हणजे त्या घरचा अपमान, म्हणून मी चार घास घेतले. नंतर अजून चार घेतले. गल्लीतून मंडईच्या नाच्यांची दंडार नाचत आली, तिच्यापुढे माझ्या कपाळाला गुलाल लागला. तासाभरानं मी तोंड पुसत मुद्द्यावर आलो.

"कृष्णराव, बाराला तुमची मंडई आहे हे तीन तारखेला का नाही सांगितलं?"

कृष्णराव जमिनीकडे पाहत म्हणाले, "आता जवाईले नाही कोन म्हणन जी? यादो पाटलानं समद्याइले सांगतलं होतं, जवाईबापूच्या शब्दाबाहेर जाऊ नका. आमाले त पयल्या दिवशीच मालूम होतं, होत नाही म्हणून."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"चंद्रभागाबाईले बी."

मी कपाळावर गुलाल आणि पोटात वडे घेऊन एकटाच परत आलो. दारात यादोराव उभे होते. त्यांनी माझ्या मागे मिस्त्री आहे का ते पाहिलं, कपाळावरचा गुलाल पाहिला, आणि म्हणाले, "बसा जी जवाईबापू. चा घ्या." त्या खुर्चीत बसताना मला जेवढं वाईट वाटलं तेवढं आयुष्यात कुठल्या मेमोनं वाटलेलं नाही.

तेराला सकाळी ढग खाली आले होते. ताडपत्री मागायला गेलो तर गावातल्या सगळ्या ताडपत्र्या मंडईच्या रात्रीच्या नाटकाच्या स्टेजवर. गल्लीतल्या माणसांना बोलवावं तर प्रत्येकाच्या घरी पाहुणे उतरू लागलेले. पाहुण्यांना टिनाखाली बसवावं तर स्वयंपाकघर धानाच्या पोत्यांनी भरलेलं. मी तक्ता उघडला आणि म्हणालो, "आपण असं करू, उरलेले दिवस नव्यानं आखू."

यादोरावांच्या मानेची शीर उडत होती.

"अबे मारोत!" ते ओरडले. "आखतं काय बे आता? घाल तो कागद चुलीत! पोरगी दोन दिवसापासून जेवली नाही, आन तू रंग दाखवून राहिला मले! चढ वरतं! मयाल घे त्या बाजूनं!"

तुळसावहिनीच्या हातातलं सूप खाली गेलं. चंद्रकलेनं माझ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. आणि मी मारोत, एकोणतीस वर्षं कोंढ्याचा जावई, शर्टाच्या बाह्या वर करून शिडी चढलो. दुसरं काय करणार? तो माणूस बरोबर बोलत होता.

त्या दिवशी आम्ही दोघांनी उतरवलेले मयाल आणि फाटे परत चढवले. जुनं छप्पर, जुन्याच जागी. यादोराव मला दिवसभर "अबे सरक", "अबे तिकडून धर", "आंधळा हाय का बे" असं म्हणत होते आणि मी सरकत होतो. चौदाला फटफटलं तसे आम्ही कवेलू चढवायला लागलो. खालून तृप्ती, चंद्रकला आणि वहिनी कवेलू देत होत्या. पाहुणे दुपारी बारापर्यंत येणार होते. मी हिशेब केला, अकराला संपतं. हा हिशेब मी तक्त्याशिवाय केला होता आणि तो बरोबर होता.

पाहुणे नऊला आले.

गाडी दारात थांबली तेव्हा छपराची शेवटची चार हात जागा उघडी होती. मी धोतरासारखा टॉवेल गुंडाळून, डोक्याला फडकं बांधून, लाल धुळीनं माखून कवेलूंवर उकिडवा बसलेलो. आणि यादोरावांचं लक्ष नसल्यामुळे ते ओरडले, "अबे मारोत, झोपला का बे? दे ना इकडे!"

सुमनबाई गाडीतून उतरून सरळ वर पाहत होत्या. मागे केवळराम, त्यांच्यामागे कुलदीप. तृप्ती हात झाडत आत पळाली. यादोराव धडपडत खाली उतरले, हात जोडले.

"हे वरतं कोन होत जी?" सुमनबाईंनी विचारलं.

खोटं बोलायची यादोरावांना सवय नाही. खरं बोललं तर या घरात जावयाला छपरावर चढवून अबे-तुबे करतात, हे दारातच कळणार होतं. चंद्रकला डोळे मिटून उभी होती. मला आतल्या दाराच्या फटीतून तृप्तीचा चेहरा दिसला.

"मिस्त्री होय जी मी," मी वरून म्हणालो. "अड्याळचा. थोडंसं काम राहिलं होतं."

"बरं बरं," म्हणत सुमनबाई आत गेल्या. निवृत्त अधिकारी, सल्लागार, कोंढ्याचे जवाईबापू, हे सगळे त्या क्षणी वारले, आणि त्यांच्या मागे रडणारं कोणी नव्हतं. उरलेले चार हात मी एकट्यानं झाकले.

खाली उतरून अंगणात पोत्यावर बसलो तेवढ्यात इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून कृष्णराव आले. मंडईचं जेवायला. "राम राम, जवाईबा..." त्यांनी सुरुवात केली. मी उठून त्यांचा हात दाबला. "पाव्हणे, आत जाऊन बसा. आज मिस्त्री मी आहे." ते समजदार माणूस आहेत. आत जाऊन पाहुण्यांच्या पंगतीत बसले, आणि सुमनबाईंना म्हणे त्यांनी घरच्या बांधकामाबद्दल दोन शब्दही सांगितले.

माझं पान अंगणात वाढलं गेलं. चंद्रकला वाढायला आली. तांदळाच्या पिठाचे वडे आणि रस्सा. तिनं वाकून दोन वडे जास्त घातले आणि हळूच म्हणाली, "अहो, घ्या ना अजून. हात किती सोलले जी तुमचे." एवढं बोलून ती गेली, पण माझा घास थोडा वेळ तसाच हातात राहिला. ती माझ्याशी असं शेवटचं कधी बोलली होती ते मला आठवेना.

मग पाऊस आला.

आधी टिनावर. गोठ्यावरच्या टिनानं असा आवाज केला की चंद्रभागाबाईंचा तबला खरा ठरला. मी पान सोडून दारापाशी गेलो. आत पंगत बसली होती. सुमनबाई अगदी माझ्या चार हातांच्या खाली होत्या. मी वर पाहिलं. दोन कवेलूंच्या सांध्यात पाणी गोळा होऊन थरथरत होतं. एक कवेलू तडकलेला होता, घाईत माझ्या लक्षात आलं नव्हतं. पाणी फुगत होतं. तृप्ती वाढायचं भांडं हातात घेऊन तिथंच उभी होती. तिच्या नखांत अजून लाल धूळ होती. तिनंही ते पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

मी शिडीकडे पळालो. वर चढेपर्यंत लक्षात आलं की बदलायला चांगला कवेलू हाताशी नाही. खाली पाहिलं तर पोत्यावर माझी फाइल पडली होती. उतरलो, तक्ता काढला, दातात धरला, चढलो. पाय घसरत होता. फुटका कवेलू उचलून मी तक्ता त्याखाली सरकवला, उताराला बरोबर, कोपरा वरच्या ओळीत अडकवून, आणि कवेलू परत ठेवला. पाणी तीन तारखेवरून सुरू झालं, हिरव्या, पिवळ्या, निळ्या रंगांवरून सरळ चौदापर्यंत घरंगळत आलं आणि बाहेरच्या बाजूनं अंगणात पडलं. लॅमिनेशनला कोणी नावं ठेवू नयेत. मी तिथंच तळहातानं तो कवेलू दाबून, पावसात भिजत बसलो. आतून भांड्यांचा आवाज येत होता, कोणी दचकल्याचा नाही.

थोड्या वेळानं कोणीतरी खालून शिडी धरली. पाहतो तर केवळराम. हात धुवायला बाहेर आले होते.

"मिस्त्री," ते म्हणाले, "काम पक्कं हाय ना जी?"

"पक्कं आहे जी."

"एक इचारू? मघाशी वाढणाऱ्या बाईनं तुमाले 'अहो' म्हटलं. मी खिडकीपाशी बसलो होतो. मिस्त्रीले 'अहो' कोन म्हणते जी?"

म्हणजे ज्याच्यासाठी एवढं केलं ते शेवटी चंद्रकलेच्या दोन वड्यांनी बुडालं. मी खोटं बोलून पाहिलं नाही. "मी या घरचा जावई आहे," मी म्हणालो. "छप्पर माझ्यामुळे राहिलं. यांनी मला एकोणतीस वर्षांत काडी उचलू दिली नाही जी. चूक माझी आहे. पोरीचं त्यात काही नाही."

केवळराम शिडी धरूनच उभे होते. त्यांनी आत एकदा पाहिलं, मग वर.

"आमच्या कुलदीपले बी या घरी असंच वरतं चढवतीन का?"

मी विचार केला. "वेळ पडली तर चढवतील. आणि अबे म्हणतील."

"मंग बरं हाय," ते म्हणाले. "त्याची माय त्याले घरी ग्लास बी उचलू देत नाही. पोरगा वाया जाऊन राहिला आमचा." ते दोन पावलं गेले आणि परत आले. "सुमनले सांगू नका. लग्न लागूस्तोवर तुमी मिस्त्रीच."

मुहूर्ताचं बोलणं जेवणानंतर तासाभरात झालं. पाहुण्यांना निरोप देताना सुमनबाई दारात थांबल्या आणि यादोरावांना म्हणाल्या, छप्पर छान आहे, एक थेंब नाही पडला, मिस्त्री हुशार दिसते. यादोराव हो म्हणाले. तृप्ती त्यांच्या मागे उभी होती. ती हसत होती आणि डोळे पुसत होती, दोन्ही एकदम.

गाडी गेली. पाऊसही थांबला होता. मी अजून छपरावरच होतो, कारण पाय भरून आले होते आणि उतरायची भीती वाटत होती. यादोराव आतून खुर्ची घेऊन आले. तीच चांगली खुर्ची. अंगणात ठेवून, फडक्यानं पुसून, वर पाहत त्यांनी हात जोडले.

"जवाईबापू, काल लई बोललो जी मी. माफी करा. या, बसा."

"यादोराव," मी म्हणालो, "काल कसं बोलवत होता मला?"

त्यांनी खुर्ची उचलून भिंतीला लावली, शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि मान वर केली.

"उतर बे मारोत," ते म्हणाले. "चा थंडा होऊन राहिला."